शोकेसमधली रिकामी जागा

घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या दुकानात येतं. बहुतेक वेळा मुलगा, नाहीतर जावई. डोळे सुजलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून आधार कार्ड निघतं, कधी खाणीतलं जुनं ओळखपत्र, कधी कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यात गेलेलं माणूस तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड अर्धं झाकलेलं असतं.

"यातून मोठा करून द्या भाऊ. तेरवीला लागते."

मी भिंग लावून पाहतो. आधारवरचा चेहरा इतका पुसट, की तो कुणाचाही म्हणून चालेल. मग विचारतो, मोबाईलमध्ये काही सापडतं का? पोरगा तिथंच उभ्या उभ्या शोधू लागतो. पुलावरचा सूर्यास्त सरकतो, खिंडसी तलावाचं पाणी सरकतं, नव्या गाडीची टाकी, मित्रांचे वाढदिवस, स्वतःचा चेहरा. बोट थांबत नाही. हजारभर फोटोंत बापाचा एक धड फोटो सापडत नाही आणि त्या पोराच्या ते माझ्या काउंटरवरच ध्यानात येतं. त्या क्षणी त्याच्याकडे पाहू नये. मी उगाच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत राहतो.

१९८७ साली मी नागपूरजवळच्या कामठीतल्या एका स्टुडिओत हाताखाली लागलो आणि १९९४ मध्ये कन्हानला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं शटर उघडलं. एवढ्या वर्षांत सूर्यास्ताची दुसरी प्रत मागायला कुणी आलेलं मला आठवत नाही.

म्हणून रविवारी सकाळी नवा कॅमेरा गळ्यात घालून जी पोरं येतात (हल्ली पोरीही येतात, आणि त्या जास्त नेटानं शिकतात) त्यांना मी आधी घरी परत पाठवतो. आजी असेल तर आजी, नाहीतर बाप. ओसरीवर बसवा, फोटो काढा आणि मला दाखवा. त्यांचं तोंड उतरतं. त्यांना पुलावर जायचं असतं.

ओसरीचा मी आग्रह धरतो त्याला कारण आहे. ओसरीसारखा दुसरा स्टुडिओ मी पाहिलेला नाही. ऊन जिथं संपतं त्या रेषेपासून हातभर आत माणूस बसवायचं, तोंड अंगणाकडे. बाहेरच्या उन्हाचा उजेड समोरून मऊ होऊन चेहऱ्यावर येतो, मागची खोली आपोआप अंधारी पडते. सुरकुती दिसते, पण बोचत नाही. तेच माणूस दुपारी बारा वाजता अंगणात उभं केलं तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. ओसरी नसेल तर कडुनिंबाची दाट सावली चालते. फक्त पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे गालावर पडू देऊ नका. एका बाजूनं चेहरा फारच काळा पडत असेल तर घरातलं पांढरं धोतर किंवा चादर कुणाला तरी त्या बाजूला धरून उभं करा. आम्ही लग्नात वर्षानुवर्षं हेच केलं.

मोबाईल चेहऱ्याजवळ नेऊ नका. अगदी जवळून नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. चार पावलं मागे सरका आणि दुप्पट झूम घ्या. फोकस जवळच्या डोळ्यावर. आणि म्हाताऱ्या माणसाला "हसा" म्हणू नका. त्याची बत्तिशी दिसेल, पण तो दिसणार नाही. त्याला त्याच्या बैलजोडीचं विचारा, खाणीतल्या पहिल्या पाळीचं विचारा. तो सांगू लागला की ऐका, मध्येच क्लिक करू नका. सांगून झाल्यावर तो क्षणभर गप्प बसतो. तेव्हा घ्या.

हे थांबणं मला कामठीच्या त्या स्टुडिओतल्या उस्तादांनी शिकवलं. कामठीत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. १९८९ च्या थंडीत कन्हानच्या पलीकडच्या एका खेड्यातून दुपारी सायकलवर निरोप आला: मयत झाली आहे, शेवटचा फोटो पाहिजे. त्या काळी अशी बोलावणी नेहमी येत. कितीतरी घरांत माणसाचा पहिला आणि शेवटचा फोटो एकच असे.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. थंडीतला उजेड झपाट्यानं उतरतो आणि मला त्याचीच घाई. उस्तादांनी चपला बाहेर काढल्या, कॅमेऱ्याची बॅग भिंतीशी ठेवली, आणि ते पुरुषमाणसांत जमिनीवर जाऊन बसले. कुणीतरी तांब्याभर पाणी आणलं. ते प्याले. कुणाशी बोलले नाहीत. दहा मिनिटं गेली असतील. मी बॅगेजवळ उभ्याउभ्या चुळबुळत होतो. शेवटी घरातला एक म्हातारा उठून त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, "घ्या आता."

मग त्यांनी बॅग उघडली. तिरडी अंगणात आणल्यावर स्टँड लावला आणि फ्लॅश न वापरता दोन फोटो घेतले. दोनच, दुसरा सुद्धा पहिला बिघडला तर म्हणून. बारा फोटोंचा रोल होता, त्यातले दहा शिल्लक राहिले. समोर त्या माणसाची बायको कपाळ बडवून घेत होती. इतका "जबरदस्त" फोटो माझ्या आयुष्यात समोर आला नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. परतताना सायकलवरून मी विचारलंच, तो का नाही घेतला? उस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "वो फोटो के लिए थोड़ी रो रही थी."

पैसे त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत. तेरवी झाल्यावर घरचे प्रत न्यायला आले, तेव्हा घेतले.

हे शिकूनही मी चुकलो. १९९६ ची गोष्ट आहे. दुकान नवं, हातात याशिका, ५० मिलिमीटरची लेन्स, आणि पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकांत पाहिलेले फोटो डोक्यात. आठवडी बाजारात सकाळी फिरत होतो. ताडपत्रीच्या फटीतून एक तिरीप खाली आली होती आणि तिच्यात एक भाजीवाली तराजू उचलून धरत होती. पुढ्यात अंबाडीच्या जुड्या, पाण्यानं चमकणाऱ्या. नजर काट्यावर खिळलेली, ओठ किंचित दुमडलेले. मी वीसेक फुटांवरून एकच फोटो घेतला. तिला कळलंही नाही.

रोल तेव्हा नागपूरला सीताबर्डीला जायचे. प्रिंट आली आणि मी हरखलो. बारा-पंधराची मोठी प्रत करवून आणली, चौकट लावली आणि शोकेसच्या मधोमध टांगली. येणारा-जाणारा थांबू लागला. "वा, काय फोटो आहे!" असं लोक म्हणत. मला वाटलं, आता मी फोटोग्राफर झालो.

चौथ्या दिवशी एक माणूस आला. खाणीची पाळी करून तसाच आला असावा. पापण्यांच्या कडांना कोळसा होता.

"हे कोनं लावलं इथं?"

मी म्हटलं, मी.

"तिले इचारलं होतं काय तुमी?"

मी समजावू लागलो. फोटोत वाईट काही नाही, उलट किती छान आलाय, लोक कौतुक करताहेत. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "माही बहीन हाय ते. नवऱ्यानं टाकलेली. आता लोकं इथं उभे राहून तिले पाहून राहिले. तुमच्या बहिनीचा लावा ना मंग."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडलो असतो. मी चौकट काढली, फोटो बाहेर काढून त्याला दिला. तो तरी तिथंच उभा. मग लक्षात आलं. आतून निगेटिव्हची पट्टी आणली, तिच्यातली ती एक चौकोनी फ्रेम कात्रीनं कापली आणि पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. ते पाकीट त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं आणि गेला.

पुढच्या बाजाराला मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. चुकलं म्हणालो. तिनं मान वर केली नाही. "भाजी घेता काय?" एवढंच विचारलं. मी अंबाडीच्या दोन जुड्या घेतल्या. शोकेसमधला मधला खिळा पुढे कितीतरी महिने मी रिकामा ठेवला. आजही तिथं जो फोटो लागतो, तो त्या माणसाला विचारून, आणि वहीत सही घेऊन.

कायद्याची बाजू मला बऱ्याच वर्षांनी एका वकील ग्राहकानं समजावून दिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे जे फोटो आम्ही बिनदिक्कत शोकेसमध्ये लावत होतो, ते आमचे नव्हतेच. हल्ली हौशी पोरंही पाचशे-हजार घेऊन वाढदिवस करतात आणि रात्री घरी पोचायच्या आत फोटो जगाला दाखवून मोकळी होतात. त्यांना मी हे कलम वाचून दाखवतो. आणि हेही सांगतो की बाजारातल्या त्या फोटोचे मला कुणी पैसे दिले नव्हते. कायद्यानं तो माझाच होता. तिच्या भावानं मला कायदा विचारलाच नव्हता.

विचारलं की फोटोतला सहजपणा जातो, अशी पोरांची मोठी तक्रार असते. जातो, खरं आहे. पण पहिल्या फोटोपुरताच. माझी रीत अशी: आधी बोला, विचारा. हो म्हणाले की ताठ उभं राहून, हात मांडीशी चिकटवून जो फोटो ते काढू देतील तो मनापासून काढा आणि लगेच दाखवा. मग तिथंच बसा. चहा घ्या. दहा मिनिटांनी गिऱ्हाईक येतं, पोर रडतं, दूध उतू जायला लागतं आणि ते तुम्हाला विसरून जातात. आता काढा; परवानगी झालेलीच आहे. नाही म्हणाले तर हात जोडा आणि पुढे चला, "का" विचारू नका. चुकून आधीच काढला असेल तर त्यांच्या डोळ्यांसमोर पुसा. आणि लांबून मोठ्या लेन्सनं हळूच टिपणं म्हणजे विचारणं टाळणं आहे. मी वीस फुटांवरून तेच केलं होतं.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण द्यायचं तर सुधारक ओलवे यांचं देतो. अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्रांत काम करताना त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरलेल्या, कचऱ्याच्या ढिगात उभ्या असलेल्या माणसांचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो मी पोरांना दाखवतो आणि विचारतो, यातला माणूस कॅमेऱ्याला बुजलेला दिसतो का? दिसत नाही. एक दिवस जाऊन असे फोटो येत नाहीत. त्या वस्तीत, त्या पाळीला वर्षानुवर्षं जावं लागतं.

आता रंगाबद्दल. हे मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण यात माझा हात काळा आहे. लग्नाच्या बायोडाटाचा फोटो काढायला आई मुलीला घेऊन येते आणि मुलगी आत केस विंचरत असताना हळूच सांगते, "भाऊ, थोडी उजळ करून द्या." रोलच्या जमान्यात आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचो, मग कॉम्प्युटर आला, आता तर बोटानं एक पट्टी सरकवली की झालं. किती वर्षं मी ती सरकवली याचा हिशेब माझ्याकडे नाही. एकदा अशीच एक मुलगी फोटो न्यायला एकटी आली. पाकीट उघडलं, पाहिलं, आणि मला म्हणाली, "हे कोन आहे?" ती खरंच विचारत होती. त्या दिवसापासून ते काम बंद केलं. काही गिऱ्हाइकं कामठीला गेली. जाऊ द्या.

पण त्यातलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. सावळा चेहरा फोटोत "काळा" येतो तो बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या चुकीनं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं धरतो. मागे पांढरी भिंत असली की त्याला वाटतं उजेड जास्त आहे आणि तो चेहरा अंधारात लोटतो. मागे काळा पडदा असला की उलट, चेहरा पिठासारखा पडतो. म्हणून मोजमाप चेहऱ्यावरून घ्या. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेका, शेजारी सूर्याची खूण येते, ती वर-खाली करून त्या माणसाचा खरा रंग जुळवा. ब्यूटी मोड बंद करा. आणि सावळ्या चेहऱ्याला उजेड समोरून सपाट मारण्याऐवजी बाजूनं द्या. गालाच्या हाडावर जी चमक येते, ती गोऱ्या चेहऱ्यावर शोधून सापडत नाही.

कन्हानला राहणाऱ्यानं एक गोष्ट विशेष पाळावी. आपल्या आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कामठी, इंदर, गोंडेगाव या खुल्या खाणी आहेत आणि रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक जातात. इथली धूळ म्हणजे कोळशाचे आणि दगडाचे बारीक, धारदार कण. लेन्स शर्टाच्या टोकानं पुसली की काचेवर ओरखडे उठलेच. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. मोबाईलची काचही याच क्रमानं. उघड्यावर लेन्स बदलू नका, दुकानाच्या पायरीवर सुद्धा नको. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये महिनोन्महिने कोंडून ठेवला की लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

खाणीच्या काठावर उभं राहून खालचे डंपर टिपायचा मोह सगळ्यांना होतो. परवानगीशिवाय जाऊ नये. स्फोटाची वेळ बाहेरच्याला ठाऊक नसते आणि मातीच्या ढिगाची कड पायाखालून सुटते. कामठीच्या छावणी भागात तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. तो लष्कराचा मुलूख आहे, तिथल्या पाट्या वाचा आणि पाळा.

रूळ हा दुसरा मोह. कन्हानला मुख्य लाईनवरून रामटेकचा फाटा फुटतो. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी तिथं येऊन दूरवर जाणाऱ्या रुळांच्या मधोमध हातात हात घालून उभी राहतात. "फाट्यावर गाड्या कमी असतात," असं मला सांगतात. रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १४७: विनापरवाना रुळांवर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मी दंडाची भीती घालत नाही. विजेचं इंजिन समोरून येताना फारसा आवाज करत नाही, आणि फोटो काढणाऱ्याचं सगळं ध्यान त्या छोट्या चौकटीत गेलेलं असतं. मी असली कामं घेत नाही. पाण्याचंही तेच. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटून तरुण पोरं बुडाली. नावेतलं त्यांचं हसणंखिदळणं मोबाईलवर राहिलं, आणि ते लोकांनी एकमेकांना पाठवलं.

कन्हान नदीवर मात्र जा. जुना इंग्रजी अमदानीतला दगडी पूल फोटोला अजून सुंदर आहे. सकाळी कामठीच्या काठावरून पाहिलं तर सूर्य कन्हान गावाच्या पाठीमागून वर येतो आणि थंडीत पाण्यावरच्या धुक्यात पुलाच्या कमानी एकेक करून उमटतात. संध्याकाळी कन्हानच्या बाजूला उभं राहावं, सूर्य कामठीवर उतरतो. क्षितिज सरळ धरा. नदी एका बाजूला सांडते आहे असं दिसू देऊ नका. पण त्याच काठावर कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं. छठला बाया ओल्या लुगड्यानं पाण्यात उभ्या असतात, डोळे मिटलेले, हातात सूप. तिथं आधी पाठ फिरवायला शिका. बाया काठावर आल्या, अंग कोरडं झालं, की त्याच आपण होऊन म्हणतात, आमचा एक काढा. तो फोटो काढा. त्यात सूपही येतं, दिवाही येतो, आणि त्या घरी नेऊन लावतात.

वर्षात एक दिवस मी दुकान बंद ठेवून निव्वळ हौसेनं बाहेर पडतो, तान्ह्या पोळ्याला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. आपल्या नागपूरकडची ही खास गोष्ट. इथं सगळे हौशी फोटोग्राफर एकच चूक करतात. उभं राहून वरून खाली काढतात आणि फोटोत नुसती डोकी येतात. गुडघ्यावर बसा, चिखल असला तरी बसा. लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा आला की तो नंदी खऱ्या बैलाएवढा होतो, लेकराला तो तसाच दिसत असतो. शटर २५० च्या वर ठेवा, लेकरं थांबत नाहीत. लेकराला विचारा आणि त्याच्या आईलाही विचारा. दोघांतला एकही नको म्हणाला तर नको. आणि गरिबाच्या लेकराला फोटोसाठी शर्ट काढायला लावणारे, रडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी माझ्या दुकानात उभं करत नाही.

जंगलाबद्दल मी अधिकारानं बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्याच जिल्ह्यातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवलेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या गाड्यांतल्या बहुतेकांच्या हातात मोबाईल नाहीतर कॅमेरा होता. मला तो व्हिडिओ पाहताना माझा वीस फुटांवरून काढलेला फोटो आठवला. बछड्यांच्या भावाला दुकानात येऊन विचारता येत नाही, एवढाच फरक.

पोरांशी माझी एक अट असते. कुणाचाही फोटो काढलात तर त्याला त्याची प्रत द्यायची. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर. ज्याच्याकडे फोन नाही त्याला तर नक्की. मी त्यांना प्रिंट खर्चाच्या भावात देतो. एक पोरगा टेकाडीकडच्या वीटभट्टीवर काढलेले फोटो द्यायला महिन्यानं गेला, तर कुटुंब काम संपवून गावी निघून गेलेलं. चार प्रिंट तो परत घेऊन आला आणि माझ्या काउंटरवर ठेवून बसून राहिला. ते पाकीट मी जपून ठेवलं आहे. भट्टी पुन्हा दिवाळीनंतर लागते.

आणि मेमरी कार्ड. कार्डातले फोटो घरी आल्या आल्या दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड मोकळं करा. फोटो चुकून उडाले तर त्या कार्डावर पुढं एकही क्लिक करू नका; तसंच माझ्याकडे आणा, पुष्कळदा परत मिळतात. वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक माणसाचा एक तरी फोटो कागदावर काढून, मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढे उमटतो.

गेल्या मार्चमध्ये एक बाई आली. पस्तिशीची असेल. पिशवीतून रेशन कार्ड काढलं. त्यावरचा फोटो पाण्यानं फुगून पापुद्रा सुटलेला.

"आई गेली. हाच एक आहे."

मी भिंग लावलं. डोळे जवळजवळ पुसलेले होते. पण ओठ दिसत होते, किंचित दुमडलेले. मी विचारलं, आई बाजारात बसायच्या काय? "हाव. भाजी घेऊन बसे. तुमाले कसं ठाऊक?"

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सांगितलं: तुमच्या आईचा एक मोठा फोटो होता. बारा-पंधराचा. तराजू हातात घेतलेला. १९९६ चा. मी काढला होता आणि तुमच्या मामांच्या हातात दिला, निगेटिव्हसकट. माझ्याजवळ काही नाही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. असा फोटो असल्याचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मामा सहा वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. मामीकडे एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात त्यांचे कागद असतात.

"निगेटिव्ह कशी रायते?"

मी ड्रॉवरमधून एक जुनी पट्टी काढून तिला उजेडाला धरून दाखवली. एवढीशी असेल, म्हटलं, नखाएवढ्या चौकोनांतली एक. तपकिरी दिसेल, चेहरा उलटा, उजेडाच्या जागी अंधार. पांढऱ्या पाकिटात घातली होती. टाकून देऊ नका, बोट लावू नका, कडेनं धरा.

रेशन कार्डावरून जेवढा जमला तेवढा फोटो मी तिला करून दिला. पैसे तेरवीनंतर द्या म्हटलं. पेटी पाहून सांगते म्हणाली. अजून आलेली नाही. मी दुकान साडेनऊला उघडतो.